खाडीच्या गाळातले जड धातू: कशाला धरून आहेत आणि कधी सुटतील, हे तपासायचं कसं

ठाणे खाडी, उल्हास किंवा तळोज्याची कासाडी नदी यांच्या गाळावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प माझ्याकडे दरवर्षी तपासायला येतात. बहुतेकांत एकच तक्ता असतो. जस्त इतकं, तांबं इतकं, शिसं इतकं, आणि खाली ‘गाळ प्रदूषित आहे’ असा निष्कर्ष. पण धातू गाळात किती आहे याने तो पाण्यात येणार का, हे कळत नाही. ते ठरतं तो कशाला धरून आहे यावर. ही पकड मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे, विद्यार्थी ती वापरतातही. फक्त प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पकड बदललेली असते आणि मोजला जातो तो आपणच बिघडवलेला गाळ.

आमच्या गटाकडूनही हे झालं आहे. ऐरोलीच्या बाजूचा काळा कुळकुळीत गाळ आम्ही १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो तपकिरी झाला होता. रंग का बदलला, असं कुणीच विचारलं नाही. पुढे कॅडमियमचा मोठा भाग ‘सहज सुटणारा’ निघाला आणि आम्ही तसाच अहवाल लिहिला. खाडीत तो सल्फाइडमध्ये बांधलेला होता, तो सोडवला आमच्या ओव्हनने.

## आधी चार पकडी ओळखून घ्या

पुढची प्रत्येक पायरी यांवर उभी आहे, म्हणून हा भाग गाळू नका.

पृष्ठभाग आणि चुना. मातीच्या कणांवर वरवर चिकटलेला किंवा शिंपल्यांच्या चुन्यात बसलेला धातू. पीएच उतरला किंवा पाणी खारट झालं की हा पहिला सुटतो. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला आपल्याशी बांधून पाण्यात ओढतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कणांवरच्या जागा बळकावतात. शिशावर या खारटपणाचा परिणाम पुष्कळ कमी.

लोह-मँगनीजचे ऑक्साइड. गाळावरची तपकिरी साय ती हीच. हवा असेपर्यंत घट्ट धरते. प्राणवायू संपला की आधी मँगनीज, मग लोह विरघळतं आणि त्यांच्यावर बसलेले धातूही मोकळे होतात.

सल्फाइड आणि सेंद्रिय पदार्थ. काळ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या गाळातली पकड. हिचं वागणं बरोबर उलटं आहे. हवा नसेल तर घट्ट, हवा लागली की सैल. रेती उपसा किंवा ड्रेजिंग झालं की याच पकडीची परीक्षा होते.

खनिजाच्या आतला. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या कणांत मुळातच असलेला. हा माणसाच्या हयातीत सुटत नाही असं धरायला हरकत नाही.

म्हणजे एकच घटना, गाळाला हवा लागणं, दुसरी पकड घट्ट करते आणि तिसरी सोडवते. ‘ढवळलं की धातू सुटतात’ असं सरसकट वाक्य म्हणूनच चुकीचं.

## १. प्रश्न, जागा आणि वेळ ठरवा

प्रश्न एका वाक्यात वहीत लिहा. ‘ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळातलं जस्त उपशानंतर पाण्यात येईल का?’ हा प्रश्न झाला. ‘ठाणे खाडीतील जड धातूंचा अभ्यास’ हा नाही.

जागा निदान तीन तरी घ्या: एक नाल्याच्या तोंडाशी, एक खाडीत मोकळ्यावर, एक वरच्या गोड्या पाण्यात. उल्हासवर काम असेल तर बदलापूरच्या बाजूचा गाळ गोड्या पाण्यातला म्हणून चालतो. तो नसेल तर खारटपणाचा परिणाम कशाशी ताडणार?

वेळ निदान दोन: मे महिन्यात, खाडी सर्वांत खारी असताना, आणि पावसात किंवा पाऊस ओसरताच. फक्त दिवाळीच्या सुट्टीत घेतलेल्या नमुन्यावरून वर्षाचं बोलू नका.

पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला खूप लांबवर गाळ उघडा पडतो, पण भरतीही तितक्याच वेगाने परत येते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी कमी हलतं. सगळ्या फेऱ्या एकाच तऱ्हेच्या तिथीला ठेवा, नाहीतर फरक जागेचा की भरतीचा, हे सांगता येणार नाही.

> सावधान: ठाणे खाडीचा काही भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे गाळ काढायला वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी आधी हवी. आणि गाळात एकट्याने उतरू नका, मांडीपर्यंत पाय जातो. दिवाळे, वाशी, ऐरोलीकडच्या कोळी बांधवांपैकी कुणाला तरी होडीसह बरोबर घ्या आणि त्यांनी ‘आता निघायचं’ म्हटलं की त्याच क्षणी निघा.

## २. भांडी आदल्या आठवड्यात तयार करा

पॉलिथिनच्या बाटल्या आणि सेंट्रिफ्यूजच्या नळ्या साबणाने धुऊन १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवा आणि शुद्ध पाण्याने तीनदा खळबळा. नळाचं पाणी शेवटच्या धुण्यात नको.

धातूची अवजारं टाळा. पितळी चाळणीतून तांबं आणि जस्त येतं, स्टीलच्या खरवडीतून क्रोमियम आणि निकेल. ६३ मायक्रॉनची चाळणी नायलॉनची घ्या, चमचे प्लास्टिकचे. होडीवरून स्टीलचा ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा जबडा) टाकावाच लागला, तर त्याच्या भिंतीला न लागलेला मधला गाळच उचला.

तपासणी: धुतलेल्या तीन बाटल्यांत पातळ ॲसिड भरून दोन दिवस ठेवा आणि तेच मोजा. जस्त दिसलं तर धुणं पुन्हा. हातमोज्यांच्या पावडरमधून जस्त येतं, म्हणून मोजे पावडरविरहित.

## ३. गाळ बाहेर काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

दोन इंची, स्वच्छ धुतलेला, पारदर्शक प्लास्टिकचा नळ घ्या, साधारण ४० सेंटिमीटर. तो सरळ, हळू दाबा. वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि मगच वर ओढा. तळ हवेत येताच खालूनही बूच. आता नळ उजेडात धरून बघा. वर तीन-चार मिलिमीटरची तपकिरी साय, तिच्याखाली एकदम काळा थर, आणि कुठे खेकड्याचं बीळ गेलं असेल तर काळ्या भागातही बिळाच्या कडेने तपकिरी रेघ. खेकडा वरचं पाणी खाली नेतो आणि त्या पाण्यासोबत प्राणवायू जातो, म्हणून बिळाच्या भिंतीवर लोहाचा ऑक्साइड बसतो. ऑक्साइड आणि सल्फाइड अशा बोटभर अंतरावर शेजारी नांदतात. पाटीभर गाळ उचलून ढवळला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि मग कुठली पकड मोजली हे कुणालाच सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा:

१. नळ ओढण्याआधी तिथल्या पाण्याचं तापमान, पीएच, खारटपणा आणि विरघळलेला प्राणवायू मोजा.

२. गाळाचा पीएच आणि रेडॉक्स (गाळ ऑक्सिडीकरणाकडे झुकलाय की क्षपणाकडे, हे मिलिव्होल्टमध्ये सांगणारा आकडा) जागेवरच मोजा. प्लॅटिनम इलेक्ट्रोड गाळात खोचून आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. मीटरला सिल्व्हर-क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड असेल, तर प्रमाणित हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सांगण्यासाठी साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवावे लागतात. मीटरवर उणे १५० दिसलं तर ते खरं अधिक ५०. ही बेरीज विसरलेले अहवाल मी ढिगाने पाहिलेत.

३. थर कापायचे तर वरचे दोन सेंटिमीटर वेगळे आणि खालचे वेगळे. लगेच पिशवीत, हवा पूर्ण दाबून काढून, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

४. पिशवीवर जागा, खोली, तारीख, वेळ आणि ओहोटीची अवस्था लिहा. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा, मार्करची शाई पाण्याने जाते.

५. बर्फाच्या पेटीत.

तपासणी: कापलेल्या काळ्या थराचा छोटा तुकडा बाजूला उघड्यावर ठेवा. काही मिनिटांतच त्याचा पृष्ठभाग राखाडी-तपकिरी व्हायला लागेल. जो गाळ असा बदलतो, त्याचा प्रत्येक उघडा मिनिट तुमच्या निकालात उतरतो.

## ४. प्रयोगशाळेत पोचताच वाटणी

नमुना फ्रीजमध्ये टाकून घरी जाऊ नका. त्याच दिवशी चार वाटे करा.

- ओला, हवाबंद: टप्प्याटप्प्याच्या निष्कर्षणासाठी (एकामागून एक द्रावणं घालून एकेक पकड सोडवणं) आणि सुटण्याच्या चाचणीसाठी. नायट्रोजन भरलेल्या पिशवीत उघडा, ४ अंशांवर ठेवा, आठवड्याच्या आत वापरा.
- गोठवलेला: सल्फाइड मोजण्यासाठी, उणे २० अंशांवर.
- हवेत वाळवलेला: एकूण धातू, कणांचा आकार आणि सेंद्रिय पदार्थ यांसाठी. पारा मोजायचा असेल तर गरम करू नका, तो उडतो.
- ओलाव्यासाठी: एक-दोन ग्रॅम, १०५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत.

ओव्हनला हात लावायचा तो फक्त शेवटच्या वाट्यासाठी. तो गाळ पुढे कशालाही वापरायचा नाही.

## ५. टप्प्याटप्प्याचं निष्कर्षण

पद्धत बीसीआरची (युरोपीय समुदायाच्या संदर्भ कार्यालयाची) सुधारित घ्या. पाच टप्प्यांची टेसिअरची पद्धत (१९७९) जुनी आणि चांगली आहे, पण बीसीआरला बीसीआर-७०१ हा प्रमाणित गाळ मिळतो, म्हणजे आपलं काम पडताळता येतं. ही पद्धत मुळात वाळवलेल्या गाळासाठी लिहिलेली आहे. खाडीचा काळा गाळ मात्र ओलाच घ्या, पहिले दोन टप्पे नायट्रोजनखाली करा आणि तसं केल्याचं अहवालात स्पष्ट लिहा.

१ ग्रॅम कोरड्याच्या बरोबरीचा ओला गाळ तोला. ओलावा ६० टक्के असेल तर २.५ ग्रॅम. त्यातलं दीड मिली पाणी द्रावणात मिसळतं, तेही हिशेबात धरा.

टप्पा १: पृष्ठभाग आणि चुना. ०.११ मोलर ॲसेटिक ॲसिड ४० मिली. बनवताना २५ मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसिटिक ॲसिड पाण्याने १ लिटर करा, त्यातले २५० मिली घेऊन पुन्हा १ लिटर. १६ तास सावकाश उलटसुलट फिरवा, मिनिटाला तीसेक फेरे. नंतर ३,००० जी वर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज.

‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) आणि ‘आरपीएम’ (मिनिटाला फेरे) एक नाहीत. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ३,००० जी साठी सुमारे ५,२०० फेरे लागतात. बटणावर ३,००० फेरे लावले तर जेमतेम १,००० जी मिळतात, बारीक चिकणमाती वरच तरंगते आणि तिच्यातलं लोह ‘सहज सुटणारं’ म्हणून मोजलं जातं. सूत्र: ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × फेऱ्यांचा वर्ग.

वरचं द्रावण काढून ४ अंशांवर ठेवा. उरलेल्या गाळात २० मिली पाणी घालून १५ मिनिटं हलवा, सेंट्रिफ्यूज करा, पाणी टाका. हे धुणं टाळलं तर आधीच्या टप्प्याचा धातू पुढच्यात जातो.

तपासणी: टप्पा संपल्यावर द्रावणाचा पीएच मोजा. आपल्या खाडीत शिंपल्यांचा चुरा खूप. ४० मिलीत ४.४ मिलिमोल ॲसिड असतं. गाळात ११ टक्के चुना असेल तर त्यातलं अर्धं तिथेच संपतं आणि पीएच ४.७ च्या आसपास जातो. २२ टक्क्यांना सगळं संपतं. पीएच ५ च्या वर दिसला तर चुना पूर्ण विरघळलेला नाही. कमी गाळ घेऊन पुन्हा करा.

टप्पा २: ऑक्साइड. ०.५ मोलर हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड, ४० मिली. ३४.७५ ग्रॅम ४०० मिली पाण्यात विरघळवा, २ मोलर नायट्रिक ॲसिड बरोबर २५ मिली घाला, १ लिटर करा. हे द्रावण त्याच दिवशी बनवा, काल उरलेलं आज चालत नाही. १६ तास, सेंट्रिफ्यूज, धुणं, सगळं आधीसारखं. मँगनीज आणि लोह या टप्प्यात भरपूर यायला हवं. नाही आलं तर ॲसिडचं माप चुकलं असण्याची शक्यता पहिली.

टप्पा ३: सल्फाइड आणि सेंद्रिय. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिली, पण एकदम नाही. थेंबाथेंबाने. काळा गाळ जोरात फेसाळतो आणि नळीबाहेर येतो. आलेला फेस म्हणजे गेलेला नमुना. झाकण सैल ठेवून एक तास खोलीच्या तापमानावर, अधूनमधून हलवत. मग ८५ अंशांवर एक तास, झाकण काढून ३ मिलीच्या खाली आटवा. पुन्हा १० मिली, पुन्हा एक तास, आता १ मिलीपर्यंत आटवा. पूर्ण कोरडं होऊ देऊ नका. गार झाल्यावर, नायट्रिक ॲसिडने पीएच २ केलेलं १ मोलर अमोनियम ॲसिटेट ५० मिली, १६ तास.

उरलेला गाळ: अॅक्वा रेजियाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडांचं मिश्रण) पचवा. त्याच गाळाचा वेगळा भाग सरळ अॅक्वा रेजियाने पचवून एकूण धातूही काढा.

> सावधान: काळ्या गाळात ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नव्हे, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. सगळं फ्यूम हूडमध्येच.

तपासणी: तीन टप्पे अधिक उरलेला यांची बेरीज सरळ काढलेल्या एकूण धातूशी ताडा. ९० ते ११० टक्क्यांत असेल तर पुढे जा. प्रत्येक खेपेला गाळाशिवाय एक ब्लँक आणि एका नमुन्याचे तीन तुकडे हवेतच.

## ६. मोजणी

प्रमाण द्रावणं (धातू किती आहे हे माहीत असलेली, तुलनेसाठीची) साध्या पाण्यात बनवू नका, त्या त्या टप्प्याच्याच द्रावणात बनवा. अमोनियम ॲसिटेटमधला नमुना आणि पाण्यातलं प्रमाण यांची तुलना होत नाही.

कॅडमियमसाठी फ्लेम एएएस (ज्योतीत धातू किती प्रकाश शोषतो हे मोजणारं यंत्र) पुरेल का, हे आधीच हिशेबाने बघा. गाळात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम असेल आणि सगळं पहिल्याच टप्प्यात सुटलं, तरी ४० मिलीत लिटरमागे ७.५ मायक्रोग्रॅमच होतात. त्यातला दहावा भाग फ्लेमला दिसणारही नाही. ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस, ही जास्त संवेदनशील यंत्रं लागतील. ते मिळणार नसेल तर ‘कॅडमियम आढळलं नाही’ असं लिहिण्याऐवजी आपल्या यंत्राची मोजण्याची मर्यादा लिहा.

## ७. सुटण्याची चाचणी

निष्कर्षण सांगतं की धातू कुठे बसलाय. तो खाडीत खरंच सुटतो का, हे बरणीत बघावं लागतं. ॲसेटिक ॲसिड खाडीत वाहत नाही.

प्लास्टिकच्या बरण्यांत १० ग्रॅम ओला गाळ आणि १०० मिली पाणी. एका संचात खाडीचं गाळलेलं पाणी घालून हवेचे बुडबुडे सोडा, दुसऱ्यात तेच पाणी पण नायट्रोजन. तिसऱ्या संचात उल्हासचा गोड्या पाण्यातला गाळ घेऊन खारटपणा ०, ५, १५, ३० (किलोमागे ग्रॅम) असा चढवा. त्यासाठी नुसतं मीठ घालू नका, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं कृत्रिम समुद्रपाणी बनवा. कारण स्पर्धा त्यांचीही आहे.

पाणी काढा १५ मिनिटं, १ तास, ४ तास, २४ तास, ३ दिवस आणि ७ दिवसांनी. लवकरच्या वेळा वगळू नका. हवा लागली की लोह आधी विरघळलेलं दिसतं, मग ऑक्साइड बनून खाली बसतं आणि जाताना शिसं-तांबं सोबत घेऊन जातं. जस्त आणि कॅडमियम मात्र हळूहळू वर येत राहू शकतात. फक्त सातव्या दिवशी मोजणाऱ्याला शिसं कधी सुटलंच नाही असं वाटेल.

दर वेळी पीएच, प्राणवायू आणि रेडॉक्स नोंदवा. सल्फाइड जळताना ॲसिड बनतं. पीएच घसरला तर सुटण्याचं कारण तो आहे की हवा, हे वेगळं काढावं लागेल.

आधी गाळा, मग ॲसिड घाला. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी काढल्यावरच नायट्रिक ॲसिडने पीएच २ च्या खाली आणा. गढूळ पाण्यात ॲसिड टाकलं की तरंगत्या कणांवरचा धातू बाटलीतच सुटतो. खाडीच्या पाण्याच्या नमुन्यांतही हीच चूक सर्रास होते.

## ८. हिशेब आणि लिहिणं

किलोमागे मिलिग्रॅम = द्रावणातलं प्रमाण (मिग्रॅ/लिटर) × घनफळ (लिटर) ÷ कोरडं वजन (किलो). समजा द्रावणात जस्त ०.८५ आहे, घनफळ ४० मिली आणि हवेत वाळवलेला गाळ १ ग्रॅम. उत्तर ३४. पण त्या गाळात ६ टक्के ओलावा असेल तर कोरडं वजन ०.९४ ग्रॅम, आणि उत्तर ३६.२.

पहिल्या टप्प्याचा एकूणातला टक्का काढा. जोखमीच्या प्रचलित मोजपट्टीत १ टक्क्याखाली धोका नाही, १० पर्यंत कमी, ३० पर्यंत मध्यम, ५० पर्यंत जास्त, त्यावर अतिशय जास्त. ही मोजपट्टी फक्त पहिल्या पकडीची आहे, एवढं लक्षात ठेवा. सल्फाइडने भरलेल्या गाळात हा टक्का कमी येईल, आणि उपसा झाला की तोच गाळ वेगळा वागेल. बरणीचा निकाल शेजारी ठेवल्याशिवाय ‘धोका कमी’ लिहू नका.

एकूण आकडा जगाच्या सरासरी शेलशी (चिकणमातीपासून बनलेला खडक) ताडतानाही जपून. शेलमध्ये तांबं किलोमागे ४५ मिलिग्रॅम धरतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते मुळातच १०० च्या वर असणं नवल नाही. सह्याद्रीच्या दगडाचा चुरा कारखान्याच्या नावावर लिहिला जातो तो असा, आणि मग कारखान्याचं खरं जस्त त्याच तक्त्यात लपतं. पार्श्वभूमी म्हणून त्याच खोऱ्यातला, वस्तीच्या वरचा गाळ घ्या, त्याच ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून.

टप्प्यांची नावं ‘चुन्यातला’, ‘ऑक्साइडमधला’ अशी ठाम लिहू नका. ‘ॲसेटिक ॲसिडात सुटलेला’, ‘हायड्रॉक्सिलअमीनमध्ये सुटलेला’ असं लिहा. एका टप्प्यात सुटलेलं शिसं त्याच नळीत दुसऱ्या कणावर पुन्हा चिकटतं, आणि आपल्याला माहीत असतं ते एवढंच की कुठल्या द्रावणात काय आलं.

अहवालाच्या पहिल्या पानावर या नोंदी हव्यात: गाळ ओला वापरला की वाळवून, नळ ओढल्यापासून पहिल्या टप्प्यापर्यंत किती तास गेले, आणि नळी उघडताना गाळाचा रंग कोणता होता.